इंग्रजीच्या शेजारी केल्टिक भाषा : वेल्श तगली, आयरिश मागे का पडली?

अक्षरनाद

आज बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषा सहा आहेत. वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन ही त्यांची एक शाखा. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स ही दुसरी. ब्रेटनला फ्रेंचचा शेजार आहे, उरलेल्या पाचही भाषा इंग्रजीच्या सावलीत आहेत. त्यांच्याविषयी वाचताना एक कोडे मला सुटलेले नाही, ते इथल्या जाणकारांपुढे मांडतो.

आयर्लंडला १९२२ मध्ये स्वतःचे राज्य मिळाले. १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने आयरिशला राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा ठरवले, इंग्रजीला दुसरे स्थान दिले. आयरिश तिथे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली जाते आणि २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. याउलट आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडमध्ये सामील करून घेतला गेला आणि केवळ वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पदांची दारे बंद झाली. वेल्सला स्वतःची निर्वाचित सभा मिळायला १९९९ साल उजाडावे लागले. असे असूनही २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे ५,३८,००० लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, वेल्श बोलता येते असे नोंदवले. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येते असे लिहिले खरे, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८.

ज्यांच्या हाती राज्य होते त्यांची भाषा मागे पडली आणि ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांची तगली, हे कसे झाले असावे?

शब्दवेध

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर सोळाव्या शतकात सापडते. वेल्स प्रॉटेस्टंट पंथात यावा म्हणून इंग्लंडच्या संसदेनेच १५६३ मध्ये बायबलचे वेल्श भाषांतर करण्याचा आदेश दिला, आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांचे संपूर्ण बायबल छापून झाले. ज्या सत्तेने न्यायालयातून वेल्श हद्दपार केली, त्याच सत्तेने तिला प्रार्थनामंदिरात मानाचे स्थान दिले. गावोगावच्या लोकांच्या कानांवर दर रविवारी भारदस्त, प्रमाण वेल्श गद्य पडू लागले. पुढे अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा काढल्या. गावात काही महिने शाळा भरवायची, शेतकऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना वेल्श वाचायला शिकवायचे आणि मग पुढच्या गावी जायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे युरोपातील कित्येक मोठ्या भाषांच्या आधी साध्या वेल्श माणसाला स्वतःच्या भाषेत वाचता येऊ लागले.

आयरिशमध्येही बायबल आले, पण आयरिश जनता कॅथलिक राहिली आणि ते पुस्तक परक्या सत्तेचे ठरले. १७९५ मध्ये मेनूथ येथे पाद्र्यांसाठी विद्यापीठ निघाले तेव्हा तिथला व्यवहार मुख्यतः इंग्रजीतच होता. डॅनियल ओकॉनेल यांची मातृभाषा आयरिश होती, पण हा लोकनेता लाखोंच्या सभांपुढे इंग्रजीत बोलत असे, कारण व्यवहारात तीच उपयोगी आहे असे त्याचे स्पष्ट मत होते. धर्म आणि लोकचळवळ या दोन्हींनी साथ सोडल्यावर भाषेला केवळ घराचाच आसरा उरला.

दर्यावर्दी

शब्दवेध, धर्माचा मुद्दा मान्य आहे, पण पोटाचा प्रश्न त्याहून मोठा होता असे मला वाटते.

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. मेलेल्यांत आणि गेलेल्यांत पश्चिमेकडचे गरीब, आयरिश बोलणारे लोक प्रमाणाबाहेर होते. १८५१ च्या जनगणनेत आयरिश येणारे सुमारे १५ लाख उरले होते, १८९१ मध्ये ते सुमारे ६.८ लाखांवर आले. ज्या घरातले प्रत्येक मूल एक दिवस बोटीने बॉस्टनला जाणार, त्या घरातल्या आईने मुलांशी आयरिश का बोलावे, या प्रश्नाला त्या काळी कोणाकडेच उत्तर नव्हते.

वेल्समध्ये त्याच काळात दक्षिणेकडच्या दऱ्यांत लोखंड आणि कोळसा निघत होता. खेड्यातला भुकेला वेल्श माणूस अमेरिकेला न जाता मर्थिर टिडफिलला गेला आणि आपली भाषा, भजनगृह, गायनमंडळ व वर्तमानपत्र सोबत घेऊन गेला. कामगारवस्तीत वेल्श ही शहराची भाषा झाली. वेल्श भाषकांची आजवरची सर्वांत मोठी संख्या, म्हणजे सुमारे ९.७७ लाख, १९११ च्या जनगणनेतली आहे. मात्र त्याच कोळशाने इंग्लंडमधूनही माणसे ओढली, त्यामुळे संख्या वाढत असताना प्रमाण घसरून ४३.५ टक्क्यांवर आले होते. पुढे मंदी आली, खाणी बसल्या आणि मग संख्याही घसरू लागली.

गणकयंत्र

मूळ लेखातील दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. वेल्सचा आकडा ‘बोलता येते’ असे सांगणाऱ्यांचा आहे आणि आयर्लंडचा रोज बोलणाऱ्यांचा. समान मोजपट्टी हवी असेल तर वेल्समधील २०१९-२० च्या भाषावापर पाहणीत वेल्श येणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोक ती रोज बोलत असल्याचे आढळले होते. तरीही वेल्श कितीतरी पुढे आहे, म्हणजे प्रश्न योग्यच आहे, परंतु १७.८ टक्के ही संख्या वेल्श रोज कानांवर पडण्याचे प्रमाण दाखवत नाही.

सायलीचा_वेल

अतिशय माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली आहे.

हिरवाचाफा

मी डब्लिनमध्ये राहते. इथे आयरिशविषयी लोकांशी बोलताना ‘राज्य मिळूनही भाषा वाचवता आली नाही’ हा सूर वारंवार ऐकू येतो आणि तो मला अन्यायकारक वाटतो. दर्यावर्दी यांनी दिलेले आकडे पाहा. राज्य हाती आले तेव्हा भाषा समुद्रकाठच्या तुटक प्रदेशांत, म्हणजे ज्याला गेलटाख्ट म्हणतात तिथेच, घराघरांत उरली होती. नव्या राज्याला ती भाषा राखायची नव्हती, तर बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या देशात ती नव्याने रुजवायची होती. दोन्ही कामांत फार अंतर आहे.

चूक झाली ती पद्धतीत. ते सारे ओझे प्राथमिक शिक्षकाच्या खांद्यावर टाकले गेले. १९७३ पर्यंत आयरिशमध्ये उत्तीर्ण झाल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे आणि त्यामुळे एका पिढीच्या मनात ही भाषा परीक्षेच्या धाकाशी जोडली गेली. माझ्या शेजारच्या काकू संपूर्ण शालेय शिक्षणभर आयरिश शिकल्या आहेत. त्यांना कविता पाठ आहेत, पण दुकानात एक वाक्य बोलायचे झाले तर त्या संकोचतात. उलट माझी मुलगी ज्या गेलस्कोलमध्ये जाते तिथे गणितही आयरिशमधून शिकवले जाते. ती घरी माझ्याशी मराठीत, मैत्रिणींशी इंग्रजीत आणि शाळेतल्या बाईंशी आयरिशमध्ये बोलते, आणि या तीन भाषांची तिच्या डोक्यात कधी गल्लत झालेली मी पाहिलेली नाही. भाषा विषय म्हणून शिकवणे आणि भाषेतून विषय शिकवणे यांतला फरक मला इथे रोज दिसतो.

माधुकरी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. माणसांनी इंग्रजी निवडली ती मुलांचे भले व्हावे म्हणून. जगाचे ज्ञान, नोकरी आणि स्थलांतराची संधी ज्या भाषेत आहे ती भाषा लोक घेणारच. हा काळाचा नैसर्गिक ओघ आहे आणि त्याविरुद्ध सरकारी पैसा ओतण्याऐवजी तोच पैसा रुग्णालयांवर खर्च करावा, असे म्हणणारे लोक वेल्समध्येही आहेत. त्यांचे म्हणणे केवळ इंग्रजीधार्जिणे म्हणून झटकून टाकता येईल का?

शब्दवेध

माधुकरी, झटकून टाकू नये हे मान्य, पण ‘नैसर्गिक’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. १८४६ मध्ये वेल्समधील शिक्षणाची पाहणी करायला तीन इंग्रज आयुक्त नेमले गेले. त्यांना वेल्श येत नव्हते. त्यांनी १८४७ च्या अहवालात वेल्श भाषा ही प्रगतीतील अडचण असल्याचे लिहिले आणि लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नीतीवरही शिंतोडे उडवले. त्या निळ्या वेष्टनातल्या अहवालाला वेल्समध्ये आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ते मूल ती पाटी पुढच्या बोलणाऱ्याच्या गळ्यात घालायला टपून असे आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे ती राहील त्याला शिक्षा होई. असा कोणताही कायदा नव्हता, कित्येक ठिकाणी पालकांचीही त्याला संमती होती, आणि हीच सर्वांत दुःखाची बाब आहे. आईवडिलांनी निवड केली हे खरे, परंतु तुमची भाषा म्हणजे अडाणीपणा, असे त्यांच्या मनावर बिंबवले गेल्यानंतर त्यांनी ती केली.

शिवाय इंग्रजी सोडा असे आज तिथे कोणीही म्हणत नाही.

रानजाई

शब्दवेध यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जाते, कारण मला त्यातच या धाग्याचा गाभा दिसतो. मी कार्डिफमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे.

१९०१ च्या जनगणनेत फक्त वेल्श येणारे, इंग्रजी न येणारे सुमारे २.८ लाख लोक होते. आज शाळेत न गेलेली लहान मुले सोडली तर तसा माणूस शोधून सापडणार नाही. वेल्श बोलणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी येते, म्हणजे वेल्श न बोलल्याने कोणाचेही काम अडत नाही. म्हणून तिथे वेल्शमधले प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याने निवडलेले असते. चार जण वेल्शमध्ये बोलत बसलेले असतात, वेल्श न येणारा पाचवा येतो आणि कोणी काहीही न म्हणता सगळे इंग्रजीवर येतात. हे शिष्टाचार म्हणून होते, त्यात कोणाचाही दुष्टावा नसतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत एका अमराठी सहकाऱ्यासाठी अख्खी बैठक हिंदीत जाते, तिथे काम केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

यावर वेल्समध्ये एक साधा उपाय केला आहे. वेल्श येणारे कर्मचारी नारिंगी रंगाचे, संवादाच्या फुग्याचे चिन्ह लावतात. ते पाहिले की समोरच्याला विचारण्याचा संकोच उरत नाही. आरोग्यसेवेत तर रुग्णाने मागण्याची वाट न पाहता वेल्शमधून सेवा आपणहून देऊ करावी, असे धोरण आहे. त्याचे कारण मी प्रत्यक्ष पाहते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते आणि लहानपणची वेल्श उरते. अशा आजींना वेदना नेमकी कुठे होते आहे हे सांगायचे असते आणि समोर वेल्श समजणारे कोणी नसते, तेव्हा त्यांची होणारी तगमग पाहवत नाही. माधुकरी, रुग्णालय आणि भाषा हे दोन वेगळे खर्च आहेत असे मला आता वाटत नाही.

तांबडफुटी

रानजाई यांचा प्रतिसाद वाचून स्वान्झीची २००८ मधली घटना आठवली. तिथल्या नगरपालिकेला अवजड वाहनांसाठी द्विभाषिक फलक लावायचा होता. इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी ईमेलने पाठवला, तत्काळ वेल्शमध्ये उत्तर आले आणि ते जसेच्या तसे फलकावर रंगवले गेले. त्यावर लिहिले होते की, मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवून द्यावे! वेल्श वाचता येणारे वाहनचालक किती हसले असतील. फलक लावणाऱ्यांपैकी एकालाही ती भाषा वाचता येत नव्हती, हा त्यातला विचार करण्याजोगा भाग.

मुसाफिर

वेल्श आणि आयरिशच्या चर्चेत धाकट्या बहिणी विसरल्या जाऊ नयेत. आयल ऑफ मॅन बेटावर मँक्स ही मातृभाषा असलेले शेवटचे गृहस्थ नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले. त्याआधी १९४८ मध्ये आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने त्यांचे आणि इतर वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, कारण आयर्लंडचे पंतप्रधान असताना डी व्हॅलेरा त्या बेटावर गेले असता त्यांनी ही निकड ओळखली होती. ध्वनिमुद्रणे आणि वृद्धांकडून शिकून घेतलेली मोजकी तरुण मंडळी एवढ्या भांडवलावर २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा उभी राहिली. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा मृत म्हणून नोंदवली तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी मँक्समध्येच पत्रे लिहून विचारले की, मग आम्ही लिहितो आहोत ती कोणती भाषा? युनेस्कोला नोंद बदलावी लागली. २०२१ च्या जनगणनेत मँक्स येणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे.

कॉर्निशची कथा याहून अवघड आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बोलण्यातून गेली, १९०४ मध्ये हेन्री जेनर यांच्या पाठ्यपुस्तकाने पुनरुज्जीवनाला हात घातला, आणि मग कोणत्या काळची कॉर्निश खरी व तिचे लेखन कसे करावे यावर अभ्यासकांचे तट पडले. सर्वांना चालेल अशी लेखनपद्धती ठरायला २००८ साल उजाडले.

पूर्वरंग

थोडे अवांतर, पण आपल्याशी संबंधित म्हणून लिहितो. व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे गृहस्थ १८६२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य झाले. आपल्याकडच्या अनेक संहितांच्या मसुद्यांवर त्यांचा हात फिरला आहे. हेच स्टोक्स प्राचीन आयरिशचे त्या काळातील अग्रगण्य अभ्यासक होते आणि जुन्या गेलिक हस्तलिखितांवरील त्यांची टिपणे १८६६ मध्ये चक्क कलकत्त्यात छापली गेली. भारतीय भाषांची प्रचंड पाहणी करणारे जॉर्ज ग्रियर्सनसुद्धा डब्लिन परगण्यातले. त्या पाहणीचा १९०५ मध्ये निघालेला सातवा खंड मराठीचा आहे. स्टोक्स कलकत्त्यात आठव्या-नवव्या शतकातील आयरिश शब्द पारखत होते त्याच वर्षांत पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनमाराच्या झोपड्यांत मुलांशी आयरिश बोलणे थांबत होते. भाषेला पंडितांकडून मान मिळणे आणि तिला बोलणारे मिळणे यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असतो, हे मला या योगायोगातून फार तीव्रतेने जाणवते.

हिरवाचाफा

पूर्वरंग, सुंदर माहिती. बोलणारे कसे मिळतात याचे एक उदाहरण ब्रिटनच्या राज्यात राहिलेल्या बेलफास्टचे आहे. १९६९ च्या सुमारास काही तरुण जोडप्यांनी शॉज रोडवर एकमेकांशेजारी घरे बांधली. मुले आयरिशमध्ये वाढवायची एवढाच त्यांचा निश्चय होता. त्यांपैकी बहुतेकांनी ती भाषा स्वतः मोठेपणी शिकलेली होती. १९७१ मध्ये त्यांनी शाळा काढली. सरकारने मान्यता नाकारली, अनुदान मिळायला १९८४ साल उजाडले. तोवर पालकांनीच निधी गोळा करून ती चालवली. आज उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमाच्या शाळांचे जे जाळे आहे त्याची सुरुवात तिथे झाली, आणि त्या भागात आयरिशला अधिकृत दर्जा देणारा कायदा आला तो २०२२ मध्ये.

दर्यावर्दी

शहरांत भाषा वाढते आहे याचा आनंद आहेच, पण तिच्या जुन्या घराकडेही पाहायला हवे. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत गेलिकचे थोडेफार ज्ञान असलेल्यांची संख्या वाढून १,३०,१६१ झाली. त्याच वेळी पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे ती पिढ्यान्‌पिढ्या अंगणात बोलली गेली, ती बोलणारे पहिल्यांदाच निम्म्याहून कमी उरले. तिथे तरुणांना काम नाही आणि घर परवडत नाही. वेल्समधल्या ग्विनेद आणि अँगलसी जिल्ह्यांतही समुद्रकाठची घरे सुट्टीपुरती येणारे लोक विकत घेतात आणि गावातल्या मुलाला लग्नानंतर बिऱ्हाड थाटायला दूर जावे लागते. आयर्लंडच्या गेलटाख्टमधून हीच तक्रार ऐकू येते. भाषेचे धोरण आखणाऱ्यांनी घरबांधणीचे धोरण हातात घेतले नाही, तर ग्लासगोतल्या शाळेत शिकलेल्या मुलांना ही भाषा सहज बोलताना ऐकायला गावच उरणार नाही.

गणकयंत्र

दर्यावर्दी यांना दुजोरा. २०२१ मध्ये ग्विनेदचे प्रमाण ६४.४ टक्के आणि अँगलसीचे ५५.८ टक्के होते. वेल्समध्ये निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलणारे एवढेच दोन जिल्हे उरले आहेत.

इंग्रजी हीच शत्रू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रेटनकडेही पाहावे. १९५० च्या आसपास तिचे सुमारे दहा लाख भाषक होते, २०१८ च्या पाहणीत सुमारे दोन लाख. तिथे शेजारी फ्रेंच आहे, आणि आयरिश किंवा वेल्शला आहे तसा कोणताही अधिकृत दर्जा नाही.

अक्षरनाद

सर्वांचे मनापासून आभार. आता मला माझ्या प्रश्नाकडे परत जायचे आहे.

चर्चेतून मला असे दिसते की, वेल्श लोकांना राज्य नव्हते तरी भाषेत चालणाऱ्या संस्था होत्या. भजनगृह, रविवारची शाळा, वर्तमानपत्र आणि आयस्तेदवोदसारखा काव्य-गायनाचा महोत्सव, या सगळ्या लोकांनी स्वतः चालवल्या. त्या दुबळ्या झाल्या तेव्हा १९६२ मध्ये वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरील भाषणात सांगितले की, हेच चालू राहिले तर वेल्श एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपेल. त्याच वर्षी तरुणांनी भाषासंघटना उभारली. इंग्रजी फलकांवर रंग फासून तुरुंगात गेलेले विद्यार्थी, १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडवलेल्या कापेल केलिन या वेल्श गावाविषयीचा संताप, आणि वेल्श दूरचित्रवाहिनीचे वचन सरकारने मोडल्यावर १९८० मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्वोर एव्हन्स यांनी दिलेला आमरण उपोषणाचा इशारा, या सगळ्यानंतर १९८२ मध्ये एस-फोर-सी वाहिनी सुरू झाली. आयर्लंडमध्ये नेमक्या याच दशकांत ‘हे काम सरकारचे आहे’ अशी समजूत होती. आयरिश भाषेसाठी १८९३ मध्ये निघालेल्या डग्लस हाइड यांच्या गेलिक संघाच्या काळातली लोकांची धडपड राज्य मिळाल्यावर ओसरली. बेलफास्टमध्ये ती जिवंत राहिली, कारण तिथे सरकारकडून काही मिळण्याची आशाच नव्हती.

हिरवाचाफा

अक्षरनाद, बहुतांशी सहमत, परंतु गेलस्कोलांची चळवळसुद्धा पालकांनीच उभी केली, तेव्हा आयर्लंडच्या खात्यावर तेवढे जमा करा. टीजी-फोर ही आयरिश वाहिनीसुद्धा गेलटाख्टमधल्या लोकांनी लावून धरलेल्या मागणीतून १९९६ मध्ये सुरू झाली.

आणि सरकारी बाजूनेही आता वेगळे काही घडते आहे. राजभाषा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २०३० अखेरीपर्यंत सार्वजनिक सेवेत नव्याने भरती होणाऱ्यांपैकी २० टक्के लोकांना आयरिशमधून काम करता आले पाहिजे. शाळेत शिकलेल्या आयरिशला मोठ्या प्रमाणावर कामाची जागा मिळेल. माझ्या मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या बैठकीत सध्या हाच विषय चालू आहे.

रानजाई

हिरवाचाफा, ते उद्दिष्ट गाठले गेले तर त्याचा परिणाम कसा होतो याविषयी इथे जरूर लिहा. ग्विनेदच्या जिल्हा परिषदेचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चालतो आणि तिथे नोकरीसाठी मुलांना वेल्श यावी असे इंग्रजीभाषक पालकांनाही वाटते. इथे कार्डिफमध्ये मात्र मला काळजी लागून राहिली आहे. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करण्याचे उद्दिष्ट २०१७ मध्ये ठरले, पण वेल्समधील तीन ते पंधरा वयोगटातले प्रमाण २०११ च्या ४०.३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३४.३ टक्क्यांवर घसरले. मार्च २०२१ मध्ये साथीमुळे शाळा विस्कळीत होत्या आणि मुलांविषयीची उत्तरे पालकांनी भरली होती, हे त्याचे काही अंशी कारण असेल. पण शाळा बंद होताच ज्या मुलांची वेल्श घरच्यांना दिसेनाशी झाली, त्यांच्यासाठी शाळेबाहेर खेळाचे मैदान, पोहण्याचा तलाव, दुकानातली सुट्टीतली नोकरी, असे काहीतरी वेल्शमध्ये असायला हवे. आमच्या भागात काही पालक शनिवारचा फुटबॉल वेल्शमध्ये चालवण्याच्या खटपटीत आहेत. त्यांना प्रशिक्षक मिळाला की कळवते.